डभोईतली विटांची बंगली: पाडायची की राखायची?

नॅरोगेज
नमस्कार. बडोदा आणि आसपासच्या जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून धागा काढते आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

डभोईला आमचं वडिलोपार्जित घर आहे. पणजोबा गायकवाडी रेल्वेत, म्हणजे जी.बी.एस.आर.मध्ये होते. नोकरी संपल्यावर वडोदरी भागोळीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या वेशीच्या, आतल्या अंगाला जागा घेऊन त्यांनी हे बांधलं. वाडा म्हणावं इतकं मोठं नाही, घरात सगळे 'बंगली'च म्हणत आले. कमरेइतकं जोतं, पुढे ओटा, तीन कमानींची पडवी, आत दोन खोल्या आणि माजघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, परसात आड. वर मंगलोरी कौलं. भिंती भाजक्या विटांच्या, दर्शनी बाजूला गिलावा मुळातच नाही. पडवीच्या छपराला कातीव लाकडी झालर आहे, जुन्या स्टेशनांच्या फलाटावर असायची तशी.

आत्या शेवटपर्यंत तिथं राहिली. ती गेल्यापासून कुलूप आहे. वाटेकरी सात. एका बिल्डरशी बोलणं चालू आहे: खाली दुकानं, वर फ्लॅट. बहुतेकांचा कल तिकडे आहे आणि त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही, प्रत्येकाच्या अडचणी आहेत. पण मला ते घर जाऊ द्यायचं नाही. भाऊ विचारतो, "तिथं कोण मोठा माणूस राहिला होता? कसला आलाय वारसा?" आता हे घर मला मोलाचं वाटतं ते आपलं म्हणून, की खरोखर त्यात काही आहे? हे मला परक्या माणसांकडून ऐकायचं आहे.

आणखी एक. काही वर्षांपूर्वी ओल येते म्हणून एका कंत्राटदाराने आतून-बाहेरून तीन-साडेतीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून ओल खिडकीच्या तळापर्यंत चढली आहे. याचंही कुणाला कळत असेल तर सांगा. फोटो डकवले आहेत.

दांडियाबाजार
ताई, तुमच्या भावाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बडोद्यात हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलो आहे.

आपल्या डोळ्यांना सवय लागली आहे ती लक्ष्मीविलासची. मेजर मांटने आखलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर चिझमने पुरा केलेला तो राजवाडा, न्यायमंदिर, कॉलेजचा घुमट. हे सगळं दिसतं, परदेशी पाहुण्यांना दाखवलं जातं. त्याच्या खालोखाल सरदार-दिवाणांचे वाडे. तांबेकरवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याने जपला, तो भिंतीवरच्या चित्रांमुळे. आणि भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. अरविंद घोष ज्या घरात राहिले ते खासेराव जाधवांचं घर आज अरविंद निवास म्हणून उभं आहे. तिथं अरविंदबाबू राहिले नसते तर ते टिकलं असतं का, हे तुम्हीच सांगा.

पण संस्थान चालवलं कुणी? १९०६ साली सयाजीरावांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं. १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं काढली. हे हुकूम कागदावरून गावात उतरवणारी माणसं म्हणजे महालातले वहिवाटदार, शाळामास्तर, ओव्हरसियर, स्टेशनमास्तर, टपालवाले. यातले कितीतरी आपले मराठी लोक, पुण्या-साताऱ्याहून, कोकणातून आलेले, आणि इथेच रुजलेले. त्यांच्या पगारातून, त्यांच्या हौसेने बांधलेली घरं कुठे आहेत आता? दांडियाबाजार, रावपुरा, सलाटवाडा फिरून या. शटरंच शटरं. राजाचं घर राहतं, सरदाराचं एखादं राहतं, कारकुनाचं जातं. आणि कारकुनाचं घर गेलं की त्या राज्यात साधा माणूस कसा राहायचा हे सांगणारं काही उरत नाही.

तुमची बंगली ती साक्ष आहे. कुणी मोठा माणूस राहिला नाही, हेच तिचं महत्त्व.

वडोदरावाला
काका, मनापासून लिहिलंत, पटतंही. पण व्यवहाराची बाजूही मांडतो.

घर बंद आहे. कौलारू घर दोन पावसाळे बंद राहिलं की उंदीर आणि माकडं कौलं सरकवतात, पाणी आत येतं, वासे कुजतात. वाटेकरी सात. यातले कुणी निवृत्त असतील, कुणाच्या मुलांचं शिक्षण असेल. त्यांना "तुमच्या हक्काच्या पैशावर पाणी सोडा, कारण हे घर म्हणजे इतिहासाची साक्ष आहे" असं सांगायचं कुणी? राखायचं तर दरवर्षी खर्च आहे. सरकार अशा घराला दमडी देत नाही. माझ्या सासऱ्यांचं नवापुऱ्यातलं घर असंच भावनेपायी धरून ठेवलं. शेवटी एका रात्री मागची भिंत बसली. सुदैवाने आत कुणी नव्हतं.

ताईंना नाउमेद करायचं नाही. पण राखायचं म्हणजे काय करायचं, पैसा कुठून आणायचा, आत कोण राहणार, हे ठरल्याशिवाय 'राखू' म्हणणं म्हणजे घराला हळूहळू मरू देणं.

चुनाविटा
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, बडोद्यात आणि चांपानेर बाजूला. फोटो मोठे करून पाहिले. जे दिसलं ते लिहितो.

दर्शनी भिंतीत विटांचा एक थर लांब बाजूचा आणि त्यावर एक थर डोक्यांचा, असा आलटूनपालटून आहे. रेल्वेच्या आणि बांधकाम खात्याच्या इमारतींत ही रचना सर्रास दिसते. नुसत्या दाखवायच्या भिंतीची ही रचना नाही, डोक्याच्या विटा भिंतीच्या जाडीत आत शिरतात आणि दोन्ही अंगं बांधून ठेवतात. म्हणजे गवंडी सरकारी कामावर तयार झालेला असावा, किंवा पणजोबांनी रेल्वेच्याच माणसाला बोलावलं असावं. कमानीच्या विटा पाहा: वर रुंद, खाली निमुळत्या. एकेक वीट दगडावर घासून तशी केली आहे, म्हणून मधल्या दरजा कागदासारख्या बारीक आहेत. असं काम आज सांगितलं तर करणारा शोधावा लागतो.

तिसऱ्या फोटोत, उजव्या खांबावर, खालून सातव्या-आठव्या थरात एका विटेवर चार बोटांचे ठसे आहेत. कच्ची वीट साच्यातून काढून उचलताना कुणाचा तरी हात लागला आणि तशीच ती भट्टीत गेली. ठसे लहान आहेत, बाईचा किंवा पोराचा हात असेल. भेट दिलीत तर त्या विटेवर हात ठेवून बघा.

आता ओल. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र, जमिनीतलं पाणी ती शोषतेच. चुन्याच्या दरजा त्याहून मऊ असतात. त्यामुळे चढलेलं पाणी दरजांतून बाहेर उडून जातं, येताना आणलेले क्षार दरजेत साठतात, दरजा भुगा होते, वीट वाचते. दर पंचवीस-तीस वर्षांनी दरजा पुन्हा भरल्या की भिंत ताजी. चुना स्वतः झिजतो आणि विटेला राखतो, ही त्याची रीत. त्यावर सिमेंट थापलं की बाहेर पडायची वाट बंद. पाणी वर वर चढत जातं आणि गिलावा संपतो तिथं बाहेर येतं. क्षार मग विटेतच साठतात आणि तिची भाजलेली वरची कातडी पापुद्र्यांनी सुटते. लोणा लागला म्हणतात तो हाच. तुमच्या खिडकीखाली नेमकं तेच झालंय. ओल सिमेंटने थांबली नाही, वर ढकलली गेली.

करायचं काय: सिमेंट छिन्नी-हातोडीने, हळूहळू, हाताने काढायचं. मशिनचा ब्रेकर लावू देऊ नका, विटेचे टवके जातात. मग भिंत किमान एक उन्हाळा उघडी सोडायची, वाळू द्यायची. क्षार ब्रशने कोरडेच झाडायचे, पाण्याने धुवायचे नाहीत. नंतर मुरवलेला चुना, ओरसंग नदीची वाळू आणि थोडी सुरखी (विटांची पूड) घालून दरजा भरायच्या. वॉटरप्रूफ रंग, केमिकलचा हात, काहीही लावायचं नाही. आणि सगळ्यात आधी, पैसा लागणार नाही असं काम: जोत्याभोवती साचलेली माती-राडारोडा काढून पागोळीचं पाणी घरापासून लांब वळवा. फोटोत डाव्या बाजूला जमीन जोत्याच्या वरपर्यंत आली आहे.

वडोदरावाला साहेब, भिंत बसली ती बहुधा अशाच कारणाने. वरून सिमेंट टणक दिसतं, आत चुना पाणी पिऊन सुटलेला असतो.

वडोदरावाला
सिमेंटच केलं होतं. दोन वेळा.

रूळ_सांधा
ताई, तुमचं टोपणनाव बघून धागा उघडला :) मी बडोद्यातल्या प्रतापनगरचा, घरात तीन पिढ्या रेल्वे.

डभोईचं महत्त्व इथं सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून लिहितो. खंडेराव महाराजांनी १८६२ साली मियागाम ते डभोई ३२ किलोमीटरचा मार्ग टाकला, अडीच फुटी रुंदीचा. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. रूळ इतके हलके होते, यार्डाला १३ पौंड, की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. कितीतरी वर्षं गाड्या बैलांनी ओढल्या. पुढे जड रूळ टाकल्यावर वाफेची इंजिनं नियमित धावू लागली. नंतर डभोईतून चारी दिशांना फाटे फुटले आणि ते नॅरोगेजचं भलंमोठं जंक्शन झालं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि ही रेल्वेही बी.बी.सी.आय.मध्ये, म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत, गेली. २०२१ पासून तर डभोईवरून केवडियाला ब्रॉडगेज गाड्या जातात.

इंजिनं जपली, ती प्रतापनगरला बघता येतात. डबे जपले. पण ज्यांनी ती रेल्वे चालवली त्यांची घरं जपल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एक विचारायचं आहे. त्या काळी रेल्वेतल्या माणसांच्या घरात भंगारात काढलेले रूळ तुळईला किंवा दारावरच्या आडव्याला वापरायचे. तुमच्याकडे कुठे आहे का? असेल तर रुळाच्या पोटावर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा पाय यांच्या मधल्या पट्टीवर, कारखान्याची उठावाची अक्षरं आणि बरेचदा साल असतं. त्या सालाच्या आधीचं बांधकाम असूच शकत नाही. घराचं वय काढायला याहून पक्का पुरावा मिळणं कठीण.

नॅरोगेज
अंगावर काटा आला वाचताना. स्वयंपाकघरातून परसात जायच्या दारावर लोखंडी आडवं आहे! आम्ही लहानपणी त्याला लोंबकळायचो. त्याच्यावर रंगाचे थर चढलेत, पण हाताला काहीतरी उंचवटे लागतात हे नक्की आठवतं. रविवारी डभोईला जाते.

चुनाविटा दादा, बोटांची वीट मला या वयापर्यंत दिसली नव्हती. त्या खांबाला टेकून आत्या दुपारी तांदूळ निवडायची.

आजोळ_डभोई
मुली, तुझी आत्या म्हणजे कोपऱ्यावरच्या मास्तरांची लेक ना? नाव इथं लिहीत नाही, पण तूच समजशील. माझं आजोळ दोन गल्ल्या सोडून. मी सत्तरी ओलांडली, हे नातू टाइप करून देतोय.

त्या घराला आम्ही कधी मराठ्यांचं घर म्हटलं नाही. गुजराती शेजारपाजारही 'मास्तरनो बंगलो' म्हणत आणि पत्ता सांगताना तीच खूण सांगत. ओटा रुंद, सावलीचा. शाळेतून येणारी पोरं तिथं टेकायची, भाजीवाली टोपली उतरवायची. नळ यायच्या आधी उन्हाळ्यात आमच्या भागातले आड आटायचे, तेव्हा त्या परसातल्या आडावर अख्खी गल्ली यायची. मागचं दार दिवसभर उघडं. कुणाची जात विचारली जात नव्हती, आणि ती गोष्ट त्या काळात साधी नव्हती, हे आजच्या मुलांना कळायचं नाही. तुझ्या पणजीचा तसा हुकूमच होता म्हणे.

पडवीत संखेड्याचा लाखेच्या कामाचा झोपाळा होता, तांबडा-पिवळा. नवरात्रात मुली त्यावर बसून भोंडल्याची गाणी म्हणायच्या, मग त्याच मुली चौकात गरब्याला. दोन्ही गाणी आम्हाला पाठ. झोपाळा आहे का अजून?

नॅरोगेज
आजी, त्याच त्या. तुम्हाला व्यनि केला आहे. झोपाळा माळ्यावर सुटा करून ठेवलाय, कड्या शाबूत आहेत. आडाची गोष्ट घरात कुणी कधी सांगितली नव्हती.

तिसरं_वर्ष
मी आर्किटेक्चरला आहे, बडोद्यातच. आम्हाला शिकवताना बुरा चार्टरबद्दल सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियात बुरा नावाचं तांब्याच्या खाणीचं लहान गाव आहे, तिथं १९७९ मध्ये तज्ज्ञांनी ही सनद केली. जागेचं मोल ठरवताना ती सौंदर्य, इतिहास, ज्ञान आणि समाज अशा बाजू बघायला सांगते. या धाग्यावर बघितलं तर कमानी आणि विटकाम झालं, रेल्वे झाली, रुळावरून आणि चुन्यावरून काय शिकता येईल ते झालं, आणि आजींनी सांगितलेला आड आणि ओटा. चारही आले, आणि 'मोठा माणूस' कुठेच लागला नाही.

आपल्याकडेही याला आधार आहे. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांत इमारतींच्या श्रेणी आहेत. त्यातल्या तिसऱ्या श्रेणीत अशाच इमारती येतात, ज्या एकट्या भव्य नसतात पण त्या भागाचा तोंडवळा ठरवतात किंवा एखाद्या समाजाची राहणी दाखवतात. ते नियम डभोईला लागू नाहीत हे माहीत आहे. पण ताईंच्या भावाला सांगता येईल की साध्या घरालाही वारसा मानतात, कागदावर मानतात.

वडोदरावाला
बाळा, कागद झाला. पण वाटेकऱ्याच्या हातात काय पडलं? अहमदाबादेत पोळांतल्या (जुन्या गल्ल्यांतल्या) वारसा घरांना टीडीआर मिळतो, बांधकामाचा न वापरलेला हक्क विकून दुरुस्तीला पैसा उभा राहतो. २०१७ मध्ये तो कोट-भाग जागतिक वारसा झाला, त्याने बळ आलं. डभोईसारख्या नगरपालिकेच्या गावात असा हक्क विकत घेणारा कोण? राज्याचं २०२०-२५ चं वारसा पर्यटन धोरण १९५० पूर्वीच्या इमारतींसाठी होतं, पण त्यात हॉटेल, संग्रहालय, बँक्वेट, उपाहारगृह असं काही चालवायला हवं. तीन खोल्यांत कसलं बँक्वेट.

इंदूरचा_पाव्हणा
इथं इंदुरात राजवाड्याला १९८४ च्या दंगलीत आग लागली, मागचा भाग जळाला, तो पुन्हा उभारला. त्याच राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत होळकरी मुनशी-कारभाऱ्यांची घरं एकेक करून गेली. मोठ्याचं पुन्हा बांधता येतं, कारण नकाशे असतात, फोटो असतात. लहान गेलं की कुणाला आठवतही नाही कुठे होतं. ताई, काही होवो, आधी मोजमाप करून ठेवा.

दांडियाबाजार
वडोदरावाला साहेबांच्या हिशेबात एक मोठी गोष्ट राहिली आहे. माझी हयात महसुलाच्या कागदांत गेली म्हणून सांगतो.

डभोईच्या भागोळी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर हा निषिद्ध भाग, तिथं नवीन बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथं राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मार्फत परवानगी लागते, उंचीची मर्यादा येऊ शकते. ताई म्हणतात घर भागोळीच्या आतल्या अंगाला आहे. किती अंतरावर?

नीट वाचा सगळ्यांनी. घर १०० मीटरच्या आत असेल तर असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी काढून करता येते. पण पाडलं, तर नव्याने बांधता येणार नाही. मोकळा प्लॉट राहील. दुकानंही नाहीत, फ्लॅटही नाहीत. बिल्डरने हे सांगितलं आहे का? त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

विसारपत्रावर कुणी सही केली असेल तर थांबवा. अंतर फूटपट्टीने नकाशावर मोजू नका, पुरातत्त्व खात्याचं बडोद्यात मंडळ कार्यालय आहे, तिथं लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

नॅरोगेज
काका, ओट्यावरून भागोळीचा माथा दिसतो. हे आजवर कुणीच बोललं नव्हतं. भावाला फोन केला. तो पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, आधी अंतराचं लेखी उत्तर येऊ दे. सही कुणीच केलेली नाही.

वडोदरावाला
ही बाब मला माहीत नव्हती. मग हिशेब पुरता बदलतो. प्लॉटची किंमत आणि बांधलेल्या घराची किंमत यात आता घरच जड. ताई, असं करता येईल: सात वाटेकऱ्यांपैकी ज्यांना पैसे हवेत त्यांचा हिस्सा बाकीच्यांनी टप्प्याटप्प्याने घ्यायचा, आणि भाव ठरवताना निषिद्ध भागाचा भाव धरायचा, फ्लॅटचा नाही. हक्कसोडपत्र नोंदणी करून. घर रिकामं ठेवू नका. एखाद्या शिक्षकाला, रेल्वेवाल्याला कमी भाड्याने द्या, पण करारावर, ठराविक मुदतीच्या. चुलीचा धूर आणि रोजचा झाडू याने घर जितकं टिकतं तितकं कशानेही टिकत नाही.

चुनाविटा
शंभर टक्के. आणि दुरुस्ती एकदम सगळी करायची गरज नाही. पहिल्या वर्षी छप्पर आणि पाण्याची वाट. दुसऱ्या वर्षी सिमेंट काढणं. तिसऱ्या वर्षी दरजा. कौलं बदलताना जुनी फेकू नका, उलटी करून त्यावरचा छाप वाचा, चांगली कौलं पुढच्या उतारावर एकत्र करा आणि नवी मागच्या उतारावर घाला. चुना पोत्यातला तयार भुकटीचा नको. कळीचा आणून टाकीत विझवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा, जितका जास्त मुरेल तितका चांगला. डभोईत चुन्याचं काम केलेले एक म्हातारे कडिया (गवंडी) आहेत, त्यांच्याकडून तुमच्या दोन पोरांना शिकवून घेता येईल. मी येईन.

दांडियाबाजार
कागदपत्रांबद्दल: प्रॉपर्टी कार्डावर पहिली नोंद कधीची आणि कुणाच्या नावाने ते बघा. पणजोबांच्या नोकरीची, बदलीची, पेन्शनची नोंद संस्थानच्या 'आज्ञापत्रिके'त सापडू शकते, ती संस्थानचं गॅझेट होती. गायकवाडी दफ्तर बडोद्यातल्या सरकारी दफ्तरखान्यात आहे. काही मोडीत, काही बाळबोध, काही गुजरातीत. मोडी मी वाचून देईन. घरात जुनी पत्रं, पावत्या, गवंड्याचा हिशेब असं काही ट्रंकेत असेल तर रद्दीला जाऊ देऊ नका. विटा किती आल्या, कुठल्या भट्टीच्या, मजुरी काय दिली, असा एक कागद मिळाला तर तो मला अख्ख्या बखरीच्या बरोबरीचा आहे.

नॅरोगेज
रविवारी जाऊन आले. भाऊही आला होता, न बोलावता.

रुळाबद्दल आधी. शिडी लावून ओल्या फडक्याने पुसलं, रंग खरवडला नाही. उंचवटे आहेतच. कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा इंग्रजी 'स्टील' हा शब्द स्वच्छ उठला. त्याच्या डावीकडे आणखी अक्षरं आहेत, पण ती भिंतीत शिरली आहेत. उजवीकडे आकडे असावेत, तिथं रंगाचा जाड गठ्ठा आहे. रुळाची उंची चार बोटांहून थोडी जास्त.

जोत्याभोवतीची माती भावाने आणि त्याच्या मुलाने काढली. खाली विटांची पन्हळ निघाली, बांधीव, उतार दिलेली, पार परसापर्यंत जाणारी. पणजोबांनी पाण्याची वाट मुळातच केली होती, आपण ती बुजवली. भाऊ बराच वेळ तिथं उकिडवा बसून बघत होता. घर राखायचं असं तो अजून म्हणालेला नाही. बिल्डरला पुढच्या महिन्यात भेटायचं ठरलं होतं, ते त्याने पुढे ढकललंय एवढंच.

ट्रंक उघडली. बहुतेक पोथ्या आणि लग्नपत्रिका आहेत. तळाला एक लांबट वही, मोडीत. फोटो काकांना पाठवते आहे. शेवटची पानं वाळवीने खाल्लीत.

रूळ_सांधा
'स्टील' म्हणजे १८६२ चे ते १३ पौंडी रूळ नव्हेत हे नक्की. ते इतके उंच नव्हते, आणि पोलादी रूळ सर्रास आले ते नंतर. हा जड रूळ आहे, पुढच्या काळातला. रंगाचा गठ्ठा काढायला उष्णता देऊ नका, तारेचा ब्रशही नको. रंग उतरवायची जेल मिळते, ती लावून लाकडी पट्टीने उचलायचा. पुढच्या शनिवारी मी घेऊन येतो. डाव्या बाजूच्या अक्षरांसाठी भिंत फोडायची नाही, कारखाना उजवीकडच्या आकड्यांवरूनही ओळखता येईल.

तिसरं_वर्ष
शनिवारी आम्ही चौघं येतो मोजमापाला. टेप, लेसर मीटर आणि ड्रॉइंग बोर्ड आहे. ताई, आडाचा काठ, पन्हळ आणि झालरीचा एक तुकडा खऱ्या मापात काढायचा आहे. बोटांच्या विटेचा ठसा कागदावर घेऊ का? विटेला काही लावणार नाही.

आजोळ_डभोई
जेवायला आमच्याकडे या सगळे. किती जण ते शुक्रवारपर्यंत कळवा.

दांडियाबाजार
वहीचं पहिलं पान वाचलं. वर 'श्री' आहे, त्याखाली खर्चाची यादी. तिसऱ्या ओळीत 'विटा' आणि चौथीत 'चुना' स्वच्छ वाचता येतं. पुढे गाडीभाड्याची रक्कम आहे. तारखेची जागा पुसट आहे, फोटो पुन्हा उन्हात, तिरप्या प्रकाशात काढून पाठवा. शनिवारी मीही निघतो, प्रतापनगरहून गाडी किती वाजता आहे?

रूळ_सांधा
काका, सकाळची गाडी बघून सांगतो. स्टेशनवर भेटू, तुम्हाला मी घेऊन जाईन.